भट्टीवाल्याच्या घरचा लॅपटॉप

रायपूरच्या पुरानी बस्तीत शालिग्राम उमाठ्यांचं घर कुठे म्हणून विचाराल, तर दहा जण दहा दिशा दाखवतील. ‘भट्टीवाले काका’ म्हणा, की पानठेलेवाला दुकान उघडं टाकून तुम्हाला दारापर्यंत पोचवून जाईल. माणूस नोकरीतून मोकळा होऊन बसला, भट्टी काही त्याच्या नावातून सुटली नाही.

यवतमाळकडचा हा गडी रायपूरला आला तेव्हा राजधानी तिकडे भोपाळला होती, आणि रायपूर म्हणजे रेल्वे, तांदूळ आणि गोल बाजार. नंतर राज्य वेगळं झालं, रायपूरची राजधानी झाली, मोठे मोठे रस्ते झाले. शालिग्रामजींना त्याचं विशेष काही वाटलं नाही. आश्चर्याने थक्क व्हायचं त्यांचं सगळं सामान शहराबाहेर, सिलतऱ्याला होतं. तिथे स्पंज आयर्नच्या कारखान्यात ती भट्टी होती: आडवी निजलेली, आगगाडीच्या डब्यांपेक्षाही लांब, आतून विटांनी मढवलेली लोखंडी नळी. ती रात्रंदिवस हळूहळू गोल फिरायची. एका तोंडाने दगड आणि कोळसा आत जायचा आणि दुसऱ्या तोंडाने लोखंड बाहेर पडायचं. पहिल्या दिवशी झरोक्यातून आत पाहिलं आणि शालिग्रामजींनी चप्पल काढली. बरोबरची पोरं हसली. हसू देत. देवळात शिरताना जे होतं ते इथे झालं, तर चप्पल का काढू नये, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

ही भट्टी कधी बंद करायची नसते. पण आत माल चिकटून चिकटून तोंड आवळत आलं, की नाइलाजाने बंद करावी लागते. मग ती थंड होऊ द्यायची, माणसांनी आत शिरून चिकटलेला थर फोडायचा, आणि पुन्हा पेटवायची. या पेटवण्याला कारखान्यात ‘लाइट-अप’ म्हणत, आणि त्या वेळी नारळ फुटायचा. पेटवायचं म्हणजे काडी लावली आणि झालं असं नाही. थंड विटांना एकदम आग दिली तर त्या तडकतात. म्हणून आधी लाकडं, मग डिझेल, मग कुठे कोळसा. बाळंतिणीला जपावं तसं तिला जपत जपत ऊब द्यायची. शालिग्रामजींनी आयुष्यभर हे केलं. ‘थंड मशीनले घाई करू नये’ हे वाक्य त्यांनी मुलाला इतक्यांदा ऐकवलं, की पियुष लहानपणी शाळेला उठवलं तरी तेच म्हणून पुन्हा झोपायचा.

तर अशा घरात स्नेहल सून म्हणून आली, आणि येताना लॅपटॉप घेऊन आली. तोही कसा? रुखवतात मांडून! चिरोट्यांची परात, रुखवताचे लाडू, शेवयांचा डोंगर, आणि मधोमध हळदीकुंकू लावलेला काळा लॅपटॉप. पोरगी डिप्लोमा झालेली, इलेक्ट्रॉनिक्सवाली. आईबापाने सांगितलं, आमच्या लेकीची ही खरी भांडी. पंगतीतले लोक कुजबुजले, पण शालिग्रामजी जाऊन त्या लॅपटॉपसमोर बराच वेळ उभे राहिले. इतकं पातळ यंत्र, धूर नाही, आवाज नाही, आणि म्हणे यात सगळं जग मावतं. त्या दिवसापासून सुनेबद्दल त्यांच्या मनात जो आदर बसला तो बसलाच. बोलून दाखवायची मात्र त्यांच्या पिढीला लाज.

त्या हिवाळ्यात स्नेहलसाठी एक नोकरी चालून आली होती. नव्या रायपूरला, सरकारी कचेऱ्यांच्या पलीकडे, एक मोठी इमारत उभी राहिली होती. तिच्यात हॉलच्या हॉल भरून कंप्युटर, दिवसरात्र चालू, कधीच बंद न होणारे. त्यांचं तापमान सांभाळायला माणसं हवी होती. मुलाखत लॅपटॉपवरच व्हायची होती, सोमवारी सकाळी. लेखी परीक्षेतून निवडलेल्या मोजक्या मुलांत स्नेहलचं नाव होतं. मुलाखत चुकली तर दुसरी संधी नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं.

पण नोकरी पाळीची होती, रात्रपाळीसकट. सासूबाईंना, म्हणजे कुसुमताईंना, ते पटत नव्हतं.

“सून रात्रीची ड्युटीले जाईन? अन् आपण दार लावून झोपू? पाऱ्यातले, गल्लीतले लोकं काय म्हनतीन?” त्या म्हणाल्या होत्या.

पियुष म्हणाला, “मम्मी, अभी सिलेक्शन तो होने दो.” हा पोट्टा मराठी सगळं समजतो, बोलताना मात्र त्याची गाडी हिंदीच्या रुळावर जाते. स्नेहलने शालिग्रामजींकडे दोनदा पाहिलं, आणि ते पेपरात डोकं घालून बसले. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पाळी करणाऱ्या माणसाचं घर कसं चालतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पोरीने जावं असंच त्यांना वाटत होतं. पण बायकोसमोर सुनेची बाजू घ्यायची म्हणजे घरात दुसरी भट्टी पेटवायची, म्हणून गप्प.

अशात एका गारठलेल्या सकाळी स्नेहल लॅपटॉप उघडून बसली होती आणि तो सुरू व्हायला वेळ घेत होता. ती सहज हसून म्हणाली, “थंडीत हा लवकर उठतच नाही, बाबा. याले बी माह्यासारखी गोधडी सोडवत नाही.”

झालं! गंमत करणारी गंमत करून गेली, ऐकणाऱ्याने ती गाठीला बांधली.

दुसऱ्या दिवसापासून शालिग्रामजी पहाटे उठू लागले. बाहेरच्या खोलीत दिवाणावर लॅपटॉप असायचा. ते हात धुवून यायचे, बटण दाबायचे, पडदा उजळला की झाकण अर्धवट टेकवायचे, आणि कुसुमताईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली मऊ गोधडी त्यावर चारी बाजूंनी खोचून द्यायचे. मग शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. मधून मधून गोधडीत हात घालून ऊब बघायची. स्नेहलची चाहूल लागली, की गोधडी उचलून आत. इतक्या वर्षांनी पुन्हा एका मशीनची राखण मिळाली म्हणून त्या माणसाला जो आनंद होत होता, तो काय सांगावा! एवढ्याशा यंत्रातून निघणारी ती ऊब त्यांना चमत्कार वाटे. ना कोळसा, ना राख.

लॅपटॉप मात्र दिवसेंदिवस मंदावत चालला. आधी फाइल उघडायला वेळ लागू लागला, मग टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटू लागलं. आतला पंखा घरघर करायचा. स्नेहल वैतागली. “रात्री मी बंद करून ठेवते, अन् सकाळी हा आपोआप चालू अन् गरम कसा राहते? याच्यात भूत शिरलं का काय?” तिने नको ते प्रोग्राम काढून टाकले, व्हायरस शोधला, रात्रीचं आपोआप अपडेट होणं बंद केलं. काही फरक नाही. शालिग्रामजींनी हे सगळं पाहिलं आणि त्यांना वाटलं, थंडी वाढली, आपली ऊब कमी पडते. ते आणखी लवकर उठू लागले. गोधडीवर शाल आली. आता बोला! रोग काय, आणि उपाय काय.

शनिवारी स्नेहलने एका मैत्रिणीबरोबर मुलाखतीची तालीम केली. जरा वेळाने पडद्यावरचं चित्र थिजलं, मैत्रिणीचं तोंड उघडंच राहिलं, आवाज तुटला, आणि लॅपटॉप धप्पकन बंद पडला. खालून इतका तापला होता, की मांडीवर ठेवता येईना. स्नेहल तोंडावर ओढणी धरून बसून राहिली. मोबाइलवर मुलाखत चालणार नव्हती, कारण त्यात एक छोटी परीक्षाही होती आणि ती कंप्युटरवरच द्यायची होती. पियुषच्या ऑफिसचा कंप्युटर ऑफिसातच, दुसऱ्याचा लॅपटॉप मागायचा तर त्यावर नोंदणी करायची मुदत संपलेली.

रविवारी पियुष तिला घेऊन गोल बाजाराच्या पलीकडच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेला. दुकानदार भला माणूस होता, पण त्याच्यासमोर लॅपटॉपची चळत लागलेली. “छोड़ जाओ दीदी, हफ्ते में देखेंगे,” तो म्हणाला. पियुष म्हणाला, नवाच घेऊन टाकू. पण नोंदणी याच लॅपटॉपवर झालेली, नव्याचा उपयोग काय? तेव्हा स्नेहलने दुकानदाराकडून बारीक पेचकस आणि चिपवर लावायच्या पेस्टची ट्यूब तेवढी मागून घेतली आणि घरी आली.

“मीच खोलते,” ती म्हणाली.

“तू?” कुसुमताईंचा हात कपाळाला गेला. “उद्या मुलाखत, आन् आज खोलून बसतं?”

“आई, उद्या तसाबी हा बंद पडनारच आहे.”

जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली गेली. शालिग्रामजी खुर्ची ओढून समोर बसले. चप्पल कधी काढली ते त्यांनाही कळलं नाही. स्नेहलने आधी चार्जर काढला, मग लॅपटॉप उलटा करून एकेक स्क्रू काढत गेली आणि ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी कागदावर मांडत गेली. पाठ सोडवली, बॅटरीची तार काढली. तिचे हात घाई करत नव्हते. कढी उतू जाताना धावणारी, बोलता बोलता ओढणी विसरणारी हीच का ती पोरगी? शालिग्रामजी तिच्या बोटांकडे बघतच राहिले.

आणि मग आत. काय होतं आत! हिरव्या पाटीवर उभीआडवी गल्लीबोळं, मुंगीएवढी घरं, आणि मध्ये तांब्याची एक चपटी नळी, चिपपासून निघून पंख्यापर्यंत गेलेली.

“ही तांब्याची नळी काहून आहे?” त्यांनी हळूच विचारलं. मोठ्याने बोलवेना.

“चिपची गरमी ही ओढून नेते, अन् पंखा बाहेर फेकते. चिप म्हणजे ही, बाबा. नखाएवढी. सगळं काम हीच करते.”

“अन् हिले किती गरमी झाली, हे पाहणारा मानूस कुठं बसते?”

स्नेहल हसली. “मानूस नाही लागत. ती स्वतःच मोजते. लय गरम झाली, का स्वतःच आपला वेग कमी करते, जळून जाऊ नये म्हणून. म्हणून तर लॅपटॉप हळू चालून राहिला. अन् त्याच्यावरही नाही भागलं, का स्वतःच बंद पडते.”

आयुष्यभर शालिग्रामजींनी भट्टीचं अंग तासातासाला तपासलं होतं. कुठे तापलं, किती तापलं, कोळसा कधी कमी करायचा, यासाठी तीन पाळ्यांत माणसं जागी राहायची. एक डुलकी, आणि घात. आणि इथे नखाएवढा एक तुकडा आपली आपण नाडी धरून बसला होता, स्वतःला सांभाळत होता, आणि आपण त्याला आळशी समजून आणखी... त्यांनी नकळत हात जोडले. देवाला की त्या चिपला की सुनेला, कोण जाणे.

पण हात जोडले ते तसेच राहिले, कारण तेवढ्यात स्नेहलने पंखा उचलला. पंख्याच्या आणि जाळीच्या मध्ये धुळीची एक जाड पट्टी बसली होती. रायपूरची काळी धूळ तर होतीच, ती कुणाच्या घरात नसते? पण तिच्यात गुंतलेला कापूस होता. लाल, जांभळा, हिरवा, बारीक बारीक.

“अरे! हे तर गोधडीचं सूत दिसून राहिलं,” स्नेहल म्हणाली. “गोधडी तर मी कधी जवळबी आणत नाही. इथं कुठून आलं?”

जांभळा रंग कुसुमताईंच्या जुन्या इरकलीचा. शालिग्रामजींनी तो ओळखला.

कुसुमताई स्वयंपाकघरात होत्या, पियुष बाहेर. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पण सिलतऱ्याला एक रीत होती: पाळी बदलताना आपल्या हातून जे चुकलं, ते पुढच्या पाळीवाल्याला सांगूनच घरी जायचं. नाहीतर तो जळतो.

“बेटा,” ते म्हणाले, “हे माह्या हातानं झालं. मी रोज पहाटे याले सुरू करून गोधडी पांघरवत होतो.”

स्नेहलच्या हातातला ब्रश थांबला. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या डोळ्यांत जे आलं ते पाहून शालिग्रामजींना वाटलं, आपण भट्टीत उतरलो असतो तर बरं झालं असतं.

“बाबा,” ती म्हणाली, “माही नोकरी तुमाले नको होती, त तोंडानं सांगायचं होतं. आई निदान तोंडावर बोलतात.”

“नाही बेटा! देवाशपथ नाही!” म्हातारा उभाच राहिला. शब्द एकमेकांत अडकू लागले. “तू म्हनली होती ना, थंडीत हा उठत नाही म्हणून? मंग मले वाटलं, थंड मशीनले एकदम कामाले लावलं त आतून तडकते. आमची भट्टी तडकत होती. तिले आमी लाकडं लावून, डिझेल लावून, हळूहळू तापवत होतो. मी पाहिलं, पोरगी सकाळी उठते अन् हा तिले ताटकळत ठेवते. तू बसल्याबरोबर तुह्यं काम सुरू झालं पाह्यजे, एवढंच. मले काय मालूम, याले ऊब नाही, हवा लागते! तुले नोकरी लागली पाह्यजे म्हणूनच त उठत होतो मी, पोरी.”

बोलून झालं. आयुष्यात प्रथमच ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं होतं.

स्नेहल खाली बघत होती. तिचे खांदे हलू लागले. रडते की काय म्हणून शालिग्रामजी घाबरले. ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. “म्हणजे तुमी याले लाइट-अप करत होते?” तिने विचारलं. “रोज?”

“रोज,” शालिग्रामजी खालमानेने म्हणाले. “हळू झाला तशी मी वर शालबी टाकली.”

मग मात्र ती खो खो हसली. “या, इकडं या. पंखा धरा बोटानं. हवा मारताना तो फिरला नाही पाह्यजे, नाहीतर बिघडते.”

शालिग्रामजींनी पंखा धरला. ज्या हातांनी पहारी धरल्या, ते हात आता ती चिमुकली पाती जपून धरून होते. स्नेहलने सायकलच्या पंपाने हवा मारली, जाळी मोकळी केली. चिपवरची जुनी पेस्ट वाळून खडू झाली होती. ती पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. जिथला स्क्रू तिथे बसवला. बटण दाबलं, तर पंखा फिरेचना. कुसुमताई दारात उभ्या होत्या, त्यांनी “सांगतलं होतं ना मी” म्हणायला तोंड उघडलं. स्नेहलने पाठ पुन्हा उघडली, पंख्याची तार जोडायची राहिली होती ती जोडली, आणि या वेळी पंखा असा हलका फिरू लागला, की कान लावून ऐकावं लागलं. शालिग्रामजींनी कान लावला. बराच वेळ लावला. मग लॅपटॉप दिवाणाच्या गादीवरून उठून कायमचा लाकडी पाटावर गेला.

सोमवारी सकाळी स्नेहल खोलीचं दार लोटून बसली. पियुष कामावर गेला होता. कुसुमताई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या आणि शालिग्रामजी दाराबाहेर बसले होते. आतून प्रश्न यायचे, स्नेहलची उत्तरं जायची, बरीच इंग्रजीत. त्यांना समजत नव्हतं, पण आवाज तुटत नव्हता, एवढं समजत होतं. तालमीत चित्र थिजलं होतं तो टप्पा कधीच मागे पडला होता. नंतर परीक्षा झाली, बटणांचा टपटप आवाज एका लयीत चालत राहिला. इवल्याशा पंख्याच्या जिवावर हे सगळं चाललंय, या विचाराने शालिग्रामजींचा ऊर भरून येत होता.

शेवटी एका बाईंचा आवाज हिंदीत आला. “रात की शिफ्ट भी करनी होगी. आप शादीशुदा हैं. घर में कोई दिक्कत तो नहीं होगी?”

आणि आत एकदम शांतता पसरली.

गेला! शालिग्रामजी ताडकन उठले. पुन्हा थिजला, पुन्हा तापला, आपल्या गोधडीने शेवटी दावा साधलाच! दाराकडे हात गेला, आणि तेवढ्यात स्नेहल बोलली.

“मॅडम, मेरे ससुरजी भट्टी पर काम करते थे. इस पूरी ठंड में वो मुँह-अँधेरे उठकर मेरा लैपटॉप गरम करते रहे, कि मुझे सुबह इंतज़ार न करना पड़े. गलत किया, मशीन बैठ गई. कल हम दोनों ने मिलकर खोली. जिस घर में कोई मेरे काम के लिए अपनी नींद छोड़ता हो, उस घर से मुझे क्या दिक्कत होगी?”

पलीकडे कुणीतरी हसलं, मग आणखी कुणी. शालिग्रामजींनी दाराकडे गेलेला हात मागे घेतला. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

कुसुमताईंच्या सुपातला हात थांबला होता. “तुमी त म्हनत होते, गुडघे दुखतात म्हणून पहाटे उठतो,” त्या म्हणाल्या.

कुसुमताईंनी एकदा शालिग्रामजींकडे पाहिलं, मग लोटलेल्या दाराकडे. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“थंड झालं तरी खाता येईन, असं रात्रपाळीच्या डब्यात काय देत होती हो मी तुमाले?”

“झुणका,” शालिग्रामजी म्हणाले.